हंगामपूर्व शून्याची मीमांसा

कोणत्याही शास्त्राचा आरंभ लक्षणाने करावा, असा आपल्याकडचा दंडक आहे. तेव्हा आधी लक्षण. तिकीट लावून केलेली रंगीत तालीम म्हणजे हंगामपूर्व फुटबॉल सामना. तिकीट खरे, गवत खरे, घाम खरा, गोलही खरा; फक्त निकाल कुठल्याही साखळीच्या तक्त्यात चढत नाही. आता कुणी म्हणेल, जो निकाल धरायचाच नाही त्यावर प्रबंध कशाला? ही शंका बालिश आहे. जे तक्त्यात चढते त्याची काळजी घ्यायला आकडेवारीवाले बसलेलेच आहेत. जे चढत नाही, त्या बिचाऱ्याला आमच्याशिवाय कोण आहे?

प्रस्तुत अभ्यासासाठी आम्ही जुलै २०१८मध्ये कोचीच्या कलूर भागातल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झालेली स्पर्धा निवडली. ती भरवली स्पेनच्या ला लीगाने. संघ तीन: यजमान केरला ब्लास्टर्स, ऑस्ट्रेलियाहून आलेला मेलबर्न सिटी आणि स्पेनचा जिरोना. (काही स्पॅनिश लोक त्याला 'खिरोना' म्हणतात आणि मराठी कानाला त्यातून काहीतरी गोड मिळणार असे वाटते. गाव कॅटलोनियातले आणि गावकरी 'जिरोना' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच धरले. खिरीची आशा सोडावी.) स्पर्धेच्या नावात टोयोटाच्या यारिस मोटारीचे नाव होते. ती मोटार भारतात त्याच वर्षी मे महिन्यात आली आणि २०२१मध्ये बंद झाली. स्पर्धेच्या नोंदीत मात्र ती अजून उभी आहे, तीही पार्किंगचे पैसे न भरता.

संशोधनपद्धतीविषयी एवढेच सांगतो की आम्ही यातला एकही सामना मैदानात बसून पाहिलेला नाही. प्रत्यक्ष पाहिले की माणूस एखाद्या सुंदर पासच्या प्रेमात पडतो आणि निष्कर्ष बिघडतो. आमच्यासमोर फक्त गुणफलक आहे. २४ जुलै: मेलबर्न सिटी ६, केरला ब्लास्टर्स ०. २७ जुलै: जिरोना ६, मेलबर्न सिटी ०. २८ जुलै: जिरोना ५, केरला ब्लास्टर्स ०.

सामने तीन, गोल सतरा, आणि हरणाऱ्याकडून तिन्ही दिवस एकही नाही. फुटबॉलमध्ये हरणारा संघ शेवटच्या पाच मिनिटांत एखादा गोल करून आपली आणि पाहुण्यांची लाज राखतो, असा जगभरचा रिवाज आहे. कोचीत तो कुणीच पाळला नाही.

प्रथम कालनिर्णय. २३ जुलै २०१८ला आषाढी एकादशी होती. म्हणजे पहिला सामना आला द्वादशीला. द्वादशीला पारणे असते. मेलबर्नचा मागचा हंगाम वसंतातच संपलेला, महिनोन् महिने पोटात गोल नाही. त्यांनी सहा घास घेऊन उपास सोडला, यात धर्मशास्त्राला धरून नसलेले काय आहे? २७ तारखेला गुरुपौर्णिमा. त्या संध्याकाळी जिरोनाने मेलबर्नला धडा दिला, सहा पाठांचा. आणि त्याच रात्री बाराच्या सुमारास खग्रास चंद्रग्रहण लागले, या शतकातले सर्वांत लांबलेले. ग्रहणाचे वेध आधीपासूनच लागतात, हे आमच्या आजीला ठाऊक होते. मेलबर्नच्या प्रशिक्षकांना कुणी सांगितले नसावे. यजमानांनी ग्रहण सुटल्यावर २८ला सामना ठेवला आणि सहाचे पाच झाले. पंचांगाचा एवढा एक गोलाचा गुण आम्ही मान्य करतो. त्याहून जास्त मागू नये.

मल्याळी पंचांग पाहिले तर प्रकरण आणखी गंभीर होते. हे दिवस कर्कटक महिन्याचे. या महिन्यात केरळात पाऊस धो धो पडतो. लोक औषधी कांजी पितात (आपल्या कोकणातली पेजच, पण काढ्याच्या वासाची), अंगाला तेल चोळून घेतात, संध्याकाळी घरोघर रामायण वाचतात. सगळा महिना शरीर सैल सोडण्याचा. अशा महिन्यात अकरा तरण्या मुलांना चिखलात पळायला लावणे हा आयुर्वेदाशी उघड द्रोह होता. पण युरोपातले क्लब यायचे तर जुलैतच येणार, कारण ऑगस्टच्या मध्यावर त्यांचा हंगाम उघडतो. पाहुण्याच्या सुट्टीत यजमानाचा पावसाळा आला, तर छत्री यजमानानेच धरायची असते.

इथे पूर्वपक्ष पुढे येतो. तो म्हणतो, केरला ब्लास्टर्सची तयारी नव्हती; इंडियन सुपर लीगला अजून दोन महिने होते, जिरोनाला जेमतेम तीन आठवडे. जिरोनापुरता हा युक्तिवाद चालतो. पण मेलबर्नची ए-लीग तर ऑक्टोबरात सुरू व्हायची होती, म्हणजे ते केरळच्याही मागे. ज्याची परीक्षा नंतर, त्याचाच अभ्यास आधी झालेला, हे दृश्य ज्याने एकत्र कुटुंबात बालपण काढले त्याला नवे नाही. पूर्वपक्ष इथेच गारद.

आता मुख्य सिद्धान्ताकडे वळतो. तिन्ही संघांचा गोलफरक काढा. जिरोना: अधिक अकरा. केरळ: उणे अकरा. मेलबर्न: सहा मारले, सहा खाल्ले, शून्य. अकरा खेळाडूंच्या खेळात यजमानाने दोन सामन्यांत माणशी एक गोल पाहुण्यांकडून स्वीकारला, आणि मधल्याने बरोबर तेवढेच घेतले जेवढे दिले. वाण्याच्या वहीतही इतका नेटका ताळेबंद सापडत नाही. मेलबर्नचा संघ भारतात आला, राहिला, भिजला, बारा गोलांच्या उलाढालीत भाग घेतला आणि हिशेबाने जिथे होता तिथेच परत गेला. शून्याचा शोध आपल्याकडे लागला हे आपण शाळेत घोकतो. पाहुण्याला ते इतक्या प्रेमाने बांधून दिल्याचे उदाहरण मात्र विरळा.

यजमानाचे हे हसे नियम बदलून टाळता आले नसते का? आले असते, असे लंडनकर म्हणतील. आर्सेनलच्या घरच्या एमिरेट्स कपात विजयाचे तीन गुण आणि वर प्रत्येक गोलाचा एक गुण अशी पद्धत होती. २०१७मध्ये सेव्हियाने तिथले दोन्ही सामने जिंकले, त्यातला एक खुद्द आर्सेनलविरुद्ध. सहा अधिक तीन गोल, नऊ गुण. आर्सेनल एक जिंकले, एक हरले, पण गोल सहा. तीन अधिक सहा, नऊच. गोलफरकही सारखा. मग जास्त गोल कुणाचे, यावर करंडक आर्सेनलकडेच राहिला. पाहुण्याने सगळ्यांना हरवावे आणि करंडक घरातल्या घरात राहावा, ही यजमानपणाची परमावधी झाली. आम्ही तीच पद्धत कोचीला लावून पाहिली. जिरोना सतरा, मेलबर्न नऊ, केरळ शून्य अधिक शून्य. जिथे मुळात एकही गोल नाही, तिथे लंडनचा कायदाही हात टेकतो. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: लंडनच्या यजमानाने सगळी व्यवस्था केली होती आणि त्यात स्वतःचीही केली होती. कोचीच्या यजमानाने स्वतःची सोडून सगळी केली. अतिथी देवो भव हे वचन कुणी अक्षरशः पाळले, ते वाचकांनी ठरवावे. आमचे मत ठरले आहे.

या शाखेचे आद्यपीठ मानायचे तर ते स्पेनच्या कादिसला मानावे लागेल. तिथली रामोन दे करांझा स्पर्धा १९५५पासूनची, उन्हाळ्यातली, पाहुणे बोलावून खेळायची. १९६२च्या अंतिम सामन्यात बार्सिलोना आणि सारागोसा यांच्यात काही केल्या निकाल लागेना, तेव्हा राफाएल बायेस्तेर या कादिसकराच्या कल्पनेप्रमाणे पेनल्टी मारून विजेता ठरवला गेला. एरवी तेव्हा बहुधा नाणे उडवायचे किंवा सामना पुन्हा खेळवायचा. फुटबॉलच्या नियमकर्त्यांना ही गोष्ट अधिकृत करायला १९७० साल उजाडले. म्हणजे विश्वचषकात ज्या प्रकाराने राष्ट्रेच्या राष्ट्रे रडतात, तो नावारूपाला आला एका न धरायच्या स्पर्धेत. आणि कादिसकरांना विचाराल तर त्यांना त्याचेही फार कौतुक नसते. त्यांना आठवतात त्या अंतिम सामन्याच्या रात्री व्हिक्टोरिया किनाऱ्यावर पेटणाऱ्या शेगड्या, वाळूवर भाजले जाणारे मांस आणि पहाटेपर्यंतचा कल्ला. पुढे त्या शेगड्या बंद झाल्या. पेनल्ट्या चालू आहेत. संस्कृतीचे असेच होते.

एक वस्तू मात्र जवळून पाहण्याजोगी आहे, ती म्हणजे पेनंट. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधार नाणेफेकीला येतात तेव्हा त्यांच्या हातात एकेक त्रिकोणी पताका असते: सॅटिनची, टोकाकडे निमुळती, कडेने सोनेरी झालर, मध्ये क्लबचे चिन्ह, खाली तारीख, वर अडकवायला दोरी. डाव्या हाताने ती द्यायची, उजव्याने हात मिळवायचा आणि चौघा पंचांसह छायाचित्रासाठी उभे राहायचे. छायाचित्र झाले की तिचे काय करावे, हे कुणालाच कळत नाही. खेळताना धरता येत नाही, खाली ठेवणे बरे दिसत नाही. मग कुणीतरी बिब घातलेला राखीव खेळाडू धावत येतो आणि दोन बोटांत धरून ती बाकाकडे नेतो, लग्नात आलेला भिंतीवरच्या घड्याळाचा सहावा आहेर आतल्या खोलीत नेतात तशी. साखळी सामन्यातही पताका देतात, पण तिथे त्यांच्यामागे तीन गुण असतात. मैत्रीपूर्ण सामन्यात पताका हाच काय तो पदरात पडणारा ऐवज. आमचे स्पष्ट मत आहे की हंगामपूर्व सामन्याचा खरा निकाल पताकेवरची झालर मोजून द्यावा. कोचीत तो निश्चित बरोबरीत सुटला असता.

आता थोडे नातेसंबंधांविषयी. जिरोना आणि मेलबर्न सिटी हे दोघेही मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपशी बांधलेले. मेलबर्न २०१४पासून, जिरोनात २०१७पासून भागीदारी. म्हणजे २७ जुलैचा सामना परकीयांमधला नव्हताच, तो चुलत भावांमधला होता. पाहुण्यांनी यजमानाच्या अंगणात येऊन आपली भाऊबंदकी सहा-शून्यने निकालात काढावी आणि यजमानाने वर तिकिटे विकावीत! पुढच्या वर्षी नोव्हेंबरात याच ग्रुपने मुंबई सिटीत ६५ टक्के वाटा घेतला, तेव्हा २०२५पर्यंत ही भाऊबंदकी आपल्याही घरात होती. वांद्र्याच्या माणसाला मेलबर्नच्या गोलफरकाविषयी बोलताना तोवर जपून बोलावे लागे. घरचेच होते.

मराठी वाचकाचा आणखी एक धागा आहे आणि तो लपवणे संशोधकाला शोभणार नाही. त्या जुलैत केरला ब्लास्टर्सच्या मालकांत सचिन तेंडुलकर होता. संघाच्या नावातले 'ब्लास्टर' त्याच्याच बिरुदातले. त्याच वर्षी मार्चमध्ये याच स्टेडियमच्या हिरवळीवर क्रिकेटची खेळपट्टी खणायची की नाही यावरून केरळात वाद पेटला होता. तेव्हा सचिनने फुटबॉलच्या गवताची काळजी जाहीरपणे बोलून दाखवली आणि अखेर एकदिवसीय सामना तिरुवनंतपुरमला गेला. क्रिकेटच्या देवाने क्रिकेटपासून वाचवलेल्या त्या गवतावर चार महिन्यांनी पाहुण्यांनी सतरा गोल केले. सप्टेंबरात सचिनने आपला उरलेला वाटा सोडला. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडायचा मोह होतो. तो आम्ही आवरला आहे. वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर जोडावा.

राहता राहिला फलविचार. तालमीवरून प्रयोगाचे भाकीत करता येते का? १७ ऑगस्टला जिरोनाने घरच्या मैदानावर ला लीगाचा हंगाम उघडला, वायादोलिदविरुद्ध. कोचीत दोन दिवसांत अकरा गोल करणाऱ्या संघाचा त्या रात्रीचा निकाल: शून्य-शून्य. शून्य हा संसर्गजन्य असतो आणि त्याला विमानप्रवासाची बाधा होत नाही, असे आमचे म्हणणे होतेच. त्या हंगामाच्या अखेरीस जिरोना अठरावे आले आणि खालच्या श्रेणीत उतरले. उलट अकरा गोल खाल्लेल्या केरला ब्लास्टर्सने २९ सप्टेंबरला कोलकात्यात जाऊन एटीकेला दोन-शून्यने हरवले. यावरून तालमीत मार खाणे फलदायी असते, असा सिद्धान्त आम्ही लिहूनही ठेवला होता. पण ब्लास्टर्सचा पुढचा विजय थेट फेब्रुवारीत आला, तेव्हा ते पान फाडून टाकावे लागले.

मेलबर्न सिटीचा त्या स्पर्धेतला गोलफरक अजूनही शून्यच आहे.