अंतराळात रडावं कसं?

मुधोळ म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक आधी कुत्र्यांची चौकशी करतात. ती लांब पायांची शिकारी कुत्री कर्नाटकातल्या, बागलकोटकडच्या मुधोळची. आमचं मुधोळ तेलंगणातलं. आधी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ साली निर्मल जिल्ह्यात गेलं. आम्ही जागचे हललोही नाही. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी अशी आमची रोजची तिहेरी कसरत असते. त्यामुळे परदेशी सिनेमा पाहायचा तर तो कधी तेलुगूत डब केलेला, कधी हिंदीत, असा जो मिळेल त्या भाषेत पाहतो. नंतरचं भांडण मात्र मराठीतच होतं. भांडायला मातृभाषाच बरी.

हल्ली आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण अंतराळावरून चालतं. यात पक्ष दोन. एका पक्षाचं म्हणणं, अंतराळाच्या सिनेमात रडारड कशाला? यान चाललंय, इंधन संपतंय, ते दाखवा. बाप-लेकीचं प्रेम पाहायला संध्याकाळच्या मालिका आहेतच की. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, नुसते आकडे आणि बटणं पाहायची तर माणूस वीजबिल घेऊन बसेल. पहिल्या पक्षाचा पुढारी माझा भाचा, बासरला शिकणारा. बासरला सरस्वतीच्या देवळात पोरांना मांडीवर बसवून अक्षराभ्यास करतात, आणि त्याच बासरला २००८ सालापासून तंत्रज्ञानाचं विद्यापीठ आहे. म्हणजे पाटीवरचा पहिला ‘श्री’ आणि वहीतलं पहिलं डिफरन्शियल इक्वेशन एकाच गावात. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत पोराची श्रद्धा फक्त दोन रस्ते सरकते. दुसऱ्या पक्षाची पुढारी माझी मावशी. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, पण सिनेमा केव्हा फसला हे तिला भाच्याआधी कळतं.

‘ग्रॅव्हिटी’ लागला त्या रात्री भाच्यानं पहिल्या अर्ध्या तासात हिशेब मांडला. हबल दुर्बीण फिरते साधारण साडेपाचशे किलोमीटर उंचीवर, अंतराळ स्थानक चारशेच्या आसपास, आणि दोघांच्या कक्षांचा कलही वेगळा. एकीकडून दुसरीकडे पाठीवरचा पंप फुसफुसत जाणं म्हणजे मुधोळहून निघून चुकून काशीला पोचणं. शिवाय जॉर्ज क्लूनी दोरी सोडून देतो आणि दूर जातो, तेही खोटं. दोघं थांबलेले असताना त्याला ओढणारं तिथं काही नव्हतंच. नायिकेनं दोरीला हलका हिसका दिला असता तर तो आपला परत आला असता. “मामा, त्यानं फुकट जीव दिला,” भाचा म्हणाला.

मावशी पदरानं डोळे पुसत होती. ती म्हणाली, “दिला ना पण?”

यावर उत्तर नाही. खुद्द नील डिग्रास टायसन या अमेरिकेच्या नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञानं ‘ग्रॅव्हिटी’तल्या चुका जाहीरपणे मोजल्या (नायिका सँड्रा बुलकचे केस का तरंगत नाहीत, हीसुद्धा त्यातलीच एक) आणि मग सिनेमा आपल्याला फार आवडला असंही सांगून टाकलं. पुढे सिनेमाला सात ऑस्कर मिळाली, त्यांत क्वारोनचं दिग्दर्शनाचंही एक. माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. त्यात शरीफ नावाचा एक भारतीय अंतराळवीर आहे. तो ‘श्री ४२०’मधलं राज कपूरचं जोड्याचं गाणं म्हणत मजेत उड्या मारतो आणि काही मिनिटांत मरतो. आपल्याला गाणं मिळालं, गोष्ट दुसऱ्यांना मिळाली.

खरी लढाई पेटते ती ‘इंटरस्टेलर’वर. २०१४चा हा सिनेमा २०२५च्या फेब्रुवारीत भारतात पुन्हा लागला तेव्हा भाचा तो मोठ्या पडद्यावर पाहायला हैदराबादला जाऊन आला. आल्यापासून त्याचं बोलणं बदललं. त्यातलं कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून चितारलेलं आहे, त्या चित्रणावर पुढे शोधनिबंध निघाला, थॉर्नला २०१७ साली नोबेलही मिळालं. (ते गुरुत्वलहरींसाठी, हे भाचा सांगत नाही, मी सांगतो.) पण त्याच कृष्णविवराची एक बाजू फार उजळ आणि दुसरी फार अंधारी दिसायला हवी होती, आणि प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शक नोलननं ते गाळलं, हे त्याला कळलं तेव्हा त्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पुढच्या एका ग्रहावरचे बर्फाचे ढग तर थॉर्नलाही पटले नव्हते.

त्या सिनेमात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक तिथून परत यानात येतो तेव्हा इकडे तेवीस वर्षं उलटलेली असतात, आणि तो मुलांचे साठलेले निरोप एकापाठोपाठ एक पाहत बसतो. आमच्या घरात तिथं सगळे गप्प होतात. भाचासुद्धा. मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं आहे. त्या ग्रहावरच्या डोंगराएवढ्या लाटांबद्दल, कृष्णविवराच्या इतक्या जवळ ग्रह टिकण्याबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ आहे. पण तेव्हा तो विचारत नाही. त्याचं तोंड उघडतं ते शेवटी, नायक पुस्तकांच्या कपाटामागून लेकीला खुणा करतो तेव्हा. “हे काय चाललंय? प्रेम म्हणजे काय पाचवी मिती आहे?”

यातून माझा एक ग्रह झाला आहे, आकाशातला नव्हे, मनातला. चूक दिसते ती रडू न आल्यावर. गळा दाटलेला असताना कुणी न्यूटन काढत नाही. गळा मोकळा राहिला की मात्र प्रत्येक जण शास्त्रज्ञ होतो, मग मावशीसुद्धा. कपाटाच्या प्रसंगाला ती भाच्याच्या बाजूनं बोलली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की बापाला लेकीशी बोलायचं होतं तर इतका वेळ कशाला लावला.

मात्र मावशीला त्या तेवीस वर्षांचं नवल अजिबात वाटलं नाही. “ही तर रेवतीची गोष्ट,” म्हणाली. भागवतात आहे ती. ककुद्मी राजा मुलीला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, हिला वर कुणी करू म्हणून विचारायला. तिथं गंधर्वांचं गाणं चाललं होतं म्हणून क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाला, बाबा रे, तुझ्या मनात जे जे होते ते सगळे गेले, खाली सत्तावीस चतुर्युगं झाली. भाच्यानं लगेच मोबाइल काढला. एक चतुर्युग त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांचं, सत्तावीसांची झाली ११ कोटी ६६ लाख ४० हजार. गाणं अर्ध्या तासाचं धरलं तर ब्रह्मलोकीचा काळ हा सिनेमातल्या ग्रहापेक्षा तीन कोटी तेहतीस लाख पटींनी सावकाश चालतो. “त्याला कृष्णविवर केवढं लागेल!” भाचा हरखून म्हणाला. मी घाईनं विषय बदलला, कारण इथून पुढे ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ या गावाला जाणारी गाडी सुटते आणि ती मधल्या कुठल्याच स्टेशनावर थांबत नाही.

मला त्या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. राजाचे सगे-सोयरे, राज्य, ओळखीचं एकूण एक माणूस नाहीसं झालं, आणि पुराण त्याला रडायला जागा देत नाही. सरळ पुढचा वर सुचवतं, बलराम. रेवती जुन्या युगातली, म्हणून उंच. बलरामानं नांगराचं टोक लावून तिला आपल्या मापाची करून घेतली, असं पुढे लोक सांगतात. उंचीचा तपशील राहिला, दुःखाचा गळाला. म्हणजे आपल्या जुन्या कथाकारांनाही तपशिलाचीच हौस होती म्हणायची. रडायचं काम कीर्तनकारावर सोपवलेलं. बुवा चांगले असतील तर राजा खाली उतरल्यावर पहिला हुंदका मंडपातून ऐकू येतो.

शेजारचे अप्पा या दोन्ही पक्षांत नाहीत. कापूस आणि सोयाबीन हे त्यांचे विषय. ‘द मार्शियन’ पाहताना मंगळावर वादळानं यान कलंडतं, तेव्हा भाचा उसळला, कारण तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ, त्या वाऱ्यानं यान कसलं कलंडतंय! मूळ कादंबरीकार अँडी वीअर यानं हे माहीत असूनच लिहिलं, गोष्ट सुरू व्हायला काहीतरी हवं होतं म्हणून. अप्पांना वादळाचं काहीच वाटलं नाही. त्यांचा प्रश्न बटाट्याचा. “बंद तंबूत, कच्च्या सोनखतात पेरलं, आन एक बी कोंब सडला नाही? आन भर लावलेली तर कुठं दिसंना.” ज्याला जे येतं त्यात त्याला फसवता येत नाही. बाकी ठिकाणी तो खुशाल फसायला तयार असतो, तिकीट काढून.

‘इंटरस्टेलर’बद्दल अप्पांना मी एक खरी गोष्ट सांगितली. नोलननं सिनेमासाठी कॅनडात पाचशे एकर मका खरोखर पेरला, त्यात गाड्या घालून चित्रण केलं आणि उरलेलं पीक विकून वर फायदा काढला. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कृष्णविवर असंल बाबा. हे मात्र पटंना.”

तेलुगूत २०१८ साली वरुण तेजचा ‘अंतरिक्षम् ९००० केएमपीएच’ आला होता. नावावरूनच भाच्याचं डोकं फिरलं. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, नऊ हजारांत माणूस खाली येईल. मी म्हटलं, बाबा, नाव मोठं करायचं तर पोस्टर पुरायला नको? पण हा सिनेमा आपला, म्हणून त्याला थोडं सांभाळून घ्यावं असं माझ्या मनात येतं, आणि तसं येतं याचाच थोडा राग येतो. मराठीत विज्ञानकथेच्या बाबतीत जयंत नारळीकरांना ही सवलत नको होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेऊन. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हापासून मराठी वाचकांतही तेच दोन पक्ष आहेत. एकाला विज्ञानकथेत माणसं कमी वाटतात, दुसऱ्याला विज्ञान.

आता खऱ्याखुऱ्या अंतराळात काय होतं? तिथं फारसा अभिनय होत नाही. अपोलो-१३च्या टाकीचा स्फोट झाला तेव्हाचे यानातले आवाज ऐका. जणू नळाला पाणी आलं नाही अशी तक्रार चालली आहे. त्यावरच्या १९९५च्या सिनेमानं खऱ्या वजनरहित अवस्थेसाठी नासाच्या विमानात बसून सारखे वर-खाली झोके घेतले, एका वेळी पंचवीस सेकंदांपुरते. एवढं खरेपण साधलं, आणि मग दोन अंतराळवीरांचं न झालेलं भांडण घातलं. खरी माणसं फारच शांत होती, आणि शांत माणसांवर प्रेक्षक विश्वास ठेवत नाहीत.

उलटा अनुभव आपण २०१९च्या सप्टेंबरात घेतला. विक्रम लँडरचा संपर्क चंद्राच्या जमिनीपासून दोन किलोमीटरवर असताना तुटला, आणि इस्रोचे अध्यक्ष के. सिवन सकाळी पंतप्रधानांच्या खांद्यावर रडले. शेतकऱ्याचा मुलगा, सगळी हयात या कामात घातलेला. ते रडणं खरं होतं, कॅमेराही खरा होता, आणि तरी मतं दोन पडली. कुणी म्हणालं, शास्त्रज्ञानं असं रडू नये. कुणी म्हणालं, माणूस आहे. आमच्या घरीही पडली. भाचा तेव्हा शाळेत होता, तो म्हणाला, “डेटा पाहायचा सोडून रडतायत कामून?” मावशीनं त्याला चहा दिला नाही.

आणि रडण्याचं भौतिकशास्त्र तर सिनेमापेक्षा वाईट आहे. ‘ग्रॅव्हिटी’त बुलकचा अश्रू सुटून मोत्यासारखा तरंगत आपल्याकडे येतो. वरती तसं होत नाही. अश्रू ओघळायला वजन लागतं, ते नसल्यानं पाणी डोळ्यालाच चिकटून बसतं आणि त्याचा फुगा होतो. २००१ साली कॅनडाचा क्रिस हॅडफिल्ड यानाबाहेर काम करत असताना डोळ्यात काहीतरी जाऊन पाणी भरलं. ते पाणी वाढत वाढत नाकाचा पूल ओलांडून दुसऱ्या डोळ्यात गेलं आणि दोन्ही डोळे मिटले. हेल्मेटमध्ये हात जात नाही. तो तसाच आंधळा, एका दोरीवर, पृथ्वीभोवती फिरत राहिला. यात रडण्यासारखं काही नव्हतं, फक्त डोळा चुरचुरत होता. पण मी हे मावशीला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. भाचाही म्हणाला, “हे घ्यायला पाहिजे होतं सिनेमात.” दोन्ही पक्ष एकमतानं उठून जेवायला गेले, असं आमच्या घरी क्वचित घडतं.

आता गगनयान जाईल, आणि त्यावर सिनेमा निघाल्याशिवाय राहणार नाही. त्यात प्रक्षेपणाआधी आई औक्षण करील, हे मी आजच लिहून देतो. वर गेल्यावर घरच्यांशी बोलणं होईल, नायकाचे डोळे भरतील. माझी विनंती एवढीच, की अश्रू तरंगवू नका, चिकटू द्या, फुगू द्या, आणि पडद्यावरच्या आईला विचारू द्या, “डोळ्यांना काय झालं रे, आलेत का?” कक्षा चारशे किलोमीटरवरची, आवाज पोचायला फारसा वेळ लागत नाही, तेव्हा भाच्याला तिथं हरकत घ्यायला जागा उरत नाही. मावशी म्हणेल, मागं जरा सनई तरी हवी होती.