वरचा रुपया

आमच्याकडे आहेराच्या पाकिटात शंभर कधी घालत नाहीत, एकशे एक घालतात. हा वरचा रुपया कशाला, असं लहानपणी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "शून्यावर हिशेब मिटतो. रुपया ठेवला की येणंजाणं चालू राहतं." ही गोष्ट ओटीटीवाल्यांना कोणी सांगितली, देव जाणे.

आईलाच एक जुनं नाटक बघायचं होतं, म्हणून मी सात दिवसांची ट्रायल घेतली. फक्त एक रुपया. यूपीआयचा पिन टाकला, रुपया गेला, नाटक लागलं, आई दुसऱ्या अंकात झोपली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकलं आणि विषय संपला असं समजलो. तो पिन रुपयापुरता नव्हता, ऑटोपेलाही होता, हे आठव्या दिवशी 499 रुपये गेल्यावर कळलं.

बँकेला बोल लावायचीही सोय नव्हती. पैसे कापण्याआधी निदान चोवीस तास कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि त्याप्रमाणे मेसेज आलाही होता. फक्त तो 'पूर्वमंजूर कर्ज' आणि 'पनवेलजवळ प्लॉट' यांच्या मधोमध अंग चोरून बसला होता. आमचा जुना केबलवाला निदान बेल वाजवायचा. "चार दिवस चित्र नव्हतं रे," म्हटलं की वीस रुपये सोडायचा, वर पाणी पिऊन जायचा.

मग रद्द करायची मोहीम. 'चालू ठेवा'चं बटण लग्नाच्या कमानीएवढं. 'रद्द करा' राखाडी, मुंगीच्या अक्षरात. ते दाबलं की, "खरंच जाताय?" असल्या 13 क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी जाहीर केली आहे. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' नावानिशी आहे. आपण शासनमान्य पद्धतीने फसलो, याचं मला उगाच जरा बरं वाटलं. शेवटी पुतण्याने यूपीआय अ‍ॅपमध्येच मॅन्डेट शोधून रद्द केला. अर्ध्या मिनिटात, आणि तेही जेवता जेवता, डाव्या हाताने.

गेलेल्या पैशांसाठी चॅटवर गेलो. तिथल्या यंत्राला माझी गैरसोय प्रत्येक वाक्यागणिक समजत होती. परतावा पाच ते सात कामाच्या दिवसांत. मध्ये दुसरा शनिवार आला, रविवार आला, एक सण आला. आठव्या दिवशी 499 जमा झाले आणि मी अर्धा किलो श्रीखंड घेऊन आलो. पैसे माझेच होते, पण लॉटरी लागल्यासारखा घरात शिरलो.

"आणि तो रुपया?" आईने विचारलं.

"तो नाही मिळत परत. ट्रायलचा होता."

आठवड्याने त्यांचा मेसेज आला: आम्हाला तुमची आठवण येते. आईने चष्मा लावून दोनदा वाचला.

"बघ," ती म्हणाली, "म्हटलं नव्हतं?"