जुन्या ड्रमची लाकूडदुरुस्ती : मामा घरी असताना पाळावयाचे नियम

प्रस्तुत मार्गदर्शन १९६०च्या दशकातल्या लडविग व तत्सम ड्रमसेटांच्या लाकडी अवयवांपुरतेच आहे. १९६७ साली कीथ मूनने अमेरिकन टीव्हीच्या कार्यक्रमात बेस ड्रममध्ये दारू ठासून जो स्फोट घडवला, त्या जातीचे नुकसान या लेखाच्या कक्षेबाहेरचे समजावे. ऑर्केस्ट्रात हयात घालवलेल्या मामाने केलेले नुकसान मात्र कक्षेत येते. किंबहुना कक्षा त्याच्यासाठीच आखली आहे.

नियम पहिला. नवी दुरुस्ती करण्यापूर्वी जुनी दुरुस्ती उपसून काढावी. शिकागोच्या कारखान्यात त्या काळी लाकडाचे तीन पातळ थर चिकटवून ड्रमचं पिंप घडवत आणि दोन्ही तोंडांना आतून मेपलची कडी बसवत. एवढ्यावर त्यांचं भागलं. मामाचं भागलं नाही. त्याने पुढे खिळे, एम-सील, सुतळी आणि एके ठिकाणी चक्क दाराची बिजागरी जोडली. खिळा सरळ ओढू नये. त्याच्याबरोबर आतला थर सोलून येतो. पक्कडीखाली पातळ पत्रा धरावा, खिळा किंचित फिरवत सैल करावा. या वेळी मामा शेजारी उभा राहून प्रत्येक खिळ्याची जन्मकथा सांगतो. हा सांगलीला मध्यंतरात मारला, हा गणपतीत, पावसात, वर मांडव गळत असताना. ऐकून घ्यावे. हात मात्र थांबवू नये.

नियम दुसरा : डिंकाविषयी. थर सुटले असतील तर फट आणखी उचकटून पाहण्याचा मोह आवरावा. पातळ सुरीने आतली धूळ आणि सुकलेला जुना डिंक खरवडावा, कारण जुन्यावर नवा धरत नाही. मग फेविकॉलमध्ये थेंब-दोन थेंब पाणी घालून इंजेक्शनच्या सिरिंजने तो फटीत खोलवर सोडावा. दोन्ही बाजूंनी पिंपाच्या गोलाईचे ठोकळे लावावेत. ठोकळा आणि ड्रम यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालावा, नाहीतर ठोकळा हाही ड्रमचाच अवयव होऊन बसतो. शिकंजा आवळून रात्रभर हात लावू नये. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसावा. वाळला की त्या जागी पॉलिश धरत नाही. ‘जितका डिंक जास्त तितकी पकड जास्त’ हा मामाचा सिद्धांत आहे. सांधा धरतो तो पातळ थराने आणि दाबाने. हे मामाला पटलेलं नाही. पटणारही नाही.

नियम तिसरा. जुनं सेल्युलॉइडचं चकचकीत आवरण पेट घेतं. हीट गन नको. विडीही नको.

नियम चौथा, बेस ड्रमच्या हूपचा. सगळ्यात जास्त मार खातो तो हा. वाफेवर वाकवलेली लाकडाची पट्टी, टोकं तिरपी तासून एकावर एक चिकटवलेली. खाली पेडलचा चिमटा तिला चावतो, आणि मामाचा चिमटा नेहमीच्या माणसाच्या चिमट्यापेक्षा दुप्पट आवळलेला असतो. स्टेजवर पेडल सरकलं की काय होतं ते तुला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. खरंच मला काय कळणार, मी जन्मात स्टेजवर वाजवलेलं नाही. मी नुसतं पुसतो. तर उघडलेला सांधा चिकटवताना महागडे शिकंजे निरुपयोगी ठरतात, गोल वस्तूवर ते घसरतात. इथे स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापाव्यात आणि ताणून-ताणून सांध्याभोवती गुंडाळाव्यात. दाब सगळीकडून सारखा येतो, डिंक रबराला धरत नाही. ही युक्ती मामाची आहे. हे त्याच्यासमोर कबूल करू नये. सुकू घालताना हूप सपाट जागी ठेवावा आणि चार-पाच दिशांनी टेपने व्यास मोजावा. सगळीकडे सारखा आला तर गोल, नाहीतर परात.

नियम पाचवा. पिंपाला आतून पॉलिशपेपर मारू नये. कितीतरी लडविगांत आत लाल शाईचा तारखेचा शिक्का असतो. ड्रमचा तोच जन्मदाखला. मामाला आतून ऑइलपेंट द्यायचा होता. ‘उजळ दिसेल.’ कोणाला दिसेल, मामा?

नियम सहावा : काठाची परीक्षा. कातडं ज्या तिरप्या काठावर बसतं तो सपाट नसेल तर ड्रम कधीच सुरात लागत नाही. जाड काच किंवा ग्रॅनाइटचा ओटा घ्यावा. ओटा असल्यास आधी मामीची परवानगी घ्यावी, आणि ती कुकर लावायच्या वेळी मागू नये. पिंप ओट्यावर उभं करून आत बॅटरी सोडावी, स्वयंपाकघरातला दिवा मालवावा. जिथून उजेड झिरपतो तिथे काठ खाली गेला आहे. उरलेला उंच भाग काचेवर चिकटवलेल्या बारीक पॉलिशपेपरवर पिंप अलगद फिरवत उतरवायचा. घाई झाली की काठ संपतो आणि ड्रमची कुंडी होते. हे काम ज्याला जमतं त्याच्याकडून करवून घेणं उत्तम.

नियम सातवा. जास्तीची भोकं (मामाने काऊबेलसाठी पाडलेली) बुजवलीच पाहिजेत असं नाही.

नियम आठवा. कातडं आणि हूप काढून पिंप माळ्यावर टाकू नये. पावसाळ्यात त्याची गोलाई बिघडते. दोन्ही चढवून, रॉड हलकेच आवळून ठेवावं.

जोडणीच्या वेळी पेडलच्या चिमट्याखाली चामड्याचा तुकडा द्यावा, असं मी म्हणतो. मामा म्हणतो, चामडं सरकतं, ट्यूबचाच तुकडा घाल. रबर जुन्या लॅकरला डाग पाडतं, हे माझं म्हणणं. रबरावर पेडल जागचं हलत नाही, हे त्याचं. दोन्ही खरी आहेत. वाद अजून मिटलेला नाही आणि मधल्या काळात चिमटा त्याने नागव्या लाकडावरच आवळला आहे, कारण शनिवारी वाडीत कार्यक्रम आहे.