तीन तारांची सनद
१९९६ साली जपानात प्रथम विक्रीस आलेले डीव्हीडी-यंत्र, ज्याच्या पाठीशी पिवळे, तांबडे आणि पांढरे अशी तीन छिद्रे असत व त्यांत रंगास रंग जुळवून तारा खोचण्यापलीकडे गृहस्थाकडून कसल्याही विद्वत्तेची अपेक्षा नसे, ते आज भिंतीवरील नूतन टीव्हीपुढे नेले असता त्याची जुनी सनद तेथे मंजूर होत नाही. एचडीएमआयखेरीज अन्य मार्गाने आलेली दरखास्त दाखल करून घेण्याचा तेथे रिवाजच उरलेला नाही. (काही टीव्ही तिन्ही तारांसाठी मिळून एकच बारीक छिद्र ठेवण्याची मेहेरबानी करतात, त्यास लागणारी जोडतार मात्र निराळी शोधावी लागते.) तेव्हा बाजारातून काडेपेटीएवढा एक मध्यस्थ आणावा लागतो, जो एकाच दिशेने काम करतो, आणि ज्याला वीज बहुधा टीव्हीच्याच यूएसबी खोबणीतून पुरवावी लागते: वादीच्या वकिलाचे मेहनताने प्रतिवादीने भरावे, तसा हा मामला.

एवढ्या खटाटोपाने चित्र उमटते खरे. आपल्याकडील तबकडीवर ते ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. फोर-के पडदा ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा, म्हणजे बरोबर वीसपट. अर्थात वीसांपैकी एकोणीस बिंदू टीव्हीने अदमासाने पदरचे घातलेले असतात, आणि इतक्या प्रक्षिप्त मजकुरासही आपण 'सुस्पष्ट' म्हणतो. त्यातून चारास तीन या प्रमाणातील जुने लग्न सोळास नऊच्या पडद्यावर ताणले गेले, की हयातभर किडकिडीत राहिलेले मामाही एकाएकी सुखवस्तू दिसू लागतात. ते पूर्ववत करण्याची कळ समोरच्या दोन रिमोटांपैकी कोणत्यावर आहे, याविषयी घरात दोन पक्ष असून मामी तिसऱ्या, म्हणजे काहीच बदलू नये या, पक्षात आहेत.