हजेरीपटावरचा मासा

फिलिपिन्समधल्या ओस्लोबला व्हेल शार्कसोबत पोहायचं तर पहाटे उठून रांग लावावी लागते. मासा मात्र हमखास हजर. होडीतून मूठमूठ बारीक कोळंबी पडते ना! एरवी हा गडी हजारो किलोमीटर भटकणारा. इथे तो होडीशी उभा ठाकून आ वासतो, पंगतीत आग्रहाची वाट पाहणाऱ्या व्याह्यासारखा. आपल्याला नियम ढीगभर: अर्धा तास, चार मीटर अंतर, हात लावायचा नाही, सनस्क्रीन फासायचं नाही. माशाला एकच: दुपारपर्यंत ड्युटी. (तीही बिनपगारी, जेवणावर.) घरी येऊन आपण फोटोखाली लिहितो, ‘अथांग निसर्गात, मुक्त जिवासोबत!’ कोळंबीची बादली तेवढी फोटोतून कापलेली असते.