चावी टाकलीत कशाला?

जुन्या खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन लोक पिढ्यान् पिढ्या जपतात आणि तिची चावी टाकून देतात. याचा मला मनापासून राग आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने 1920 मध्ये बाजारात आणलेल्या टिनच्या गाड्या चावीवर चालायच्या. चावी सुटी, म्हणून तीच आधी हरवते. जुन्या बाजारात विचारावं तर उत्तर ठरलेलं: "इंजिन बघा ना साहेब, चावी काय, कुठलीही बसते." बसत नाही! भोक किंचित मोठं असलं तरी चौकोनी दांड्याच्या कडा झिजतात, आणि एकदा त्या झिजल्या की अस्सल चावीही नुसती गरगर फिरते, स्प्रिंग जागची हलत नाही.

रुळांचं तेच. रुळाच्या टोकाची बारीक पिन पुढच्या रुळाच्या पोकळ तोंडात शिरते. पिन पडली की कुणीतरी तिथे खिळा ठोकतो. तोंड फाकतं, सांधा उचलला जातो आणि गाडी दर फेरीला तिथेच घसरते. खिळा ठोकणाऱ्याला वाटतं, आपण दुरुस्ती केली.

आमच्या तुर्भ्याच्या मालधक्क्यावर कपलिंग मोडलेली वाघीण कुणी गाडीला जोडणार नाही. मला मात्र हूक नसलेला डबा "कपाटात छान दिसेल" म्हणून पूर्ण किमतीला दाखवतात. सिग्नलचा हात नाही, फाटकाचा दांडा नाही, खोका तर कधीच रद्दीत गेलेला. वर कुणी हौसेने ऑइलपेंट फासलेला असतो. 1930च्या दशकातली कित्येक चाकं जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळल्यामुळे आपोआप तडकतात, त्यांचा दोष मी कुणाला देत नाही. मूळ रंगावर ब्रश फिरवणाऱ्याला देतो.

त्यात इथली हवा खाडीची. टिन गंजतं. ट्रकांची धूळ गिअरमधल्या तेलावर बसून त्याचा चिखल होतो. मी खिडकी लावून घेतो, की घरातलं कुणीतरी "उकडतंय" म्हणून ती उघडतं. पाहुणे आले की पोराच्या हातात इंजिन द्यायचा आग्रह होतो: "खेळणंच तर आहे!"

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे सिग्नल, दिवे, फाटकं, पूल यांतून आख्खं गाव उभं राहतं. एकट्या इंजिनाने ते झालं नसतं. म्हणून आजोबांची गाडी विकायला काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे: आधी शिवणाचा डबा, देवघराचा खण आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक बघा. चावी बहुतेक तिथेच असते. सापडली की इंजिनालाच दोऱ्याने बांधा. आणि रंगाला हात लावू नका.