नाक खुपसणारे काका

सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला वाटतं, व्यवहारात आपल्याला आरसी बुक, जादाची किल्ली आणि आधीच्या मालकाने डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती मिळाला. चौथी गोष्ट सोसायटीच्या फाटकाशी उभी असते. हातात दुधाची पिशवी, पायात स्लिपर, चष्मा कपाळावर. गाडी आत वळायच्या आधीच काकांनी नाक वर केलेलं असतं.

“जळतंय रे काहीतरी.”

आणि जळत असतंच. काकांवर अन्याय नको. वास येतोय हे त्यांचं म्हणणं सहसा खोटं नसतं. घोटाळा पुढच्या वाक्यापासून सुरू होतो.

पुढचं वाक्य म्हणजे “कितीला घेतलीस?” जळण्याचा आणि किमतीचा संबंध काय, हे विचारायचं नाही. आकडा कोणताही सांगा, काका आधी डोळे मिटतात, मग मान हलवतात आणि “असू दे, झालं ते झालं” म्हणून खांद्यावर हात ठेवतात. आमच्याकडच्या एका पोराने वैतागून निम्मीच किंमत सांगितली. काका म्हणाले, “इतक्या स्वस्तात? मग पुराच्या पाण्यातली असणार.”

किंमत झाली की नंबर प्लेट. काका ती पत्रिकेसारखी वाचतात. एमएच १२ म्हणजे आयुष्य पुण्याच्या सिग्नलांवर गेलं, सतत हाफ क्लच, तेव्हा क्लच प्लेट. एमएच ११ म्हणजे साताऱ्याची, खंबाटकी चढून चढून दमलेली, तेव्हा क्लच प्लेट. एमएच ०४ म्हणजे ठाणे, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, पुढचं सांगायला नकोच. ग्रह कुठेही असोत, योग क्लच प्लेटचाच. कारण काकांची स्वतःची मारुती ८००, चोक ओढून सुरू करायच्या जमान्यातली, भर मे महिन्यात खंबाटकी घाटात क्लच जळून बसली होती. आत सासुरवाडीची माणसं. सासरे एक अक्षर बोलले नाहीत. खाली उतरले आणि मागून आलेल्या एसटीला त्यांनी हात केला. तो हात काकांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून कोणाच्याही गाडीतून कसलाही वास आला, तरी काकांच्या नाकात ती एकच दुपार शिरते.

तसा क्लचचा वास ओळखायला फारसा अवघड नाही. चढावर किंवा गर्दीत पाय क्लचवर अर्धवट ठेवून गाडी रेटली की प्लेटवरचं अस्तर घासून तापतं, आणि जळक्या कागदासारखा उग्र वास येतो. सपाट रस्त्याला लागलं की तो विरतो. म्हणजे खरी विचारायची गोष्ट एकच, वास कधी येतो? सिग्नलला उभं राहिल्यावर आला, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग झिरपून ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत असेल. गाडी पळत असते तोवर वारा वास मागे नेतो, थांबली की तो बॉनेटखालून आत येतो. थोडं अंतर चालवून उतरल्यावर मागच्या चाकापाशी आला, तर हँडब्रेक पूर्ण सुटत नसेल. एसी लावल्याबरोबर बेल्ट किंचाळून रबराचा आला, तर बेल्ट घसरतोय. काका हा प्रश्न विचारत नाहीत. त्यांना उत्तर आधीच माहीत असल्यामुळे त्याची गरज पडत नाही.

त्यांची तपासणी मात्र पाहण्यासारखी असते. “स्टार्ट कर. रेस दे. अजून दे. बंद कर. आता परत स्टार्ट कर.” मग बॉनेट उघडायचं, ते टेकवायची दांडी सापडेपर्यंत डोक्यावर तोलायचं, आणि डिपस्टिक उपसून ती मालकाच्याच नव्या पिवळ्या फडक्याला पुसायची. थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून नाकाशी नेला की आजूबाजूचे चारजण आदराने गप्प होतात. मग काका खिडकीतून कमरेपर्यंत आत शिरतात आणि बराच वेळ आतच राहतात. माणसाच्या नाकाला कोणताही वास काही मिनिटांत सवयीचा होतो आणि मग तो जाणवेनासा होतो, ही शरीराचीच व्यवस्था आहे. काका बाहेर येतात आणि जाहीर करतात, “आता येत नाहीये. रेस दिल्यामुळे गेला.” मालक खूश. तेवढ्यात भाजी घेऊन कोणीतरी वहिनी येतात आणि पदर नाकाला लावून विचारतात, “कसला वास सुटलाय हो?”

वहिनींचं कोणी ऐकत नाही. गाडीच्या बाबतीत डावीकडच्या सीटवरच्या माणसाचं ऐकायचं नाही, हा आपल्याकडचा जुना नियम आहे.

गोडसर वास आला तर काकांची पंचाईतच होते. रेडिएटरचा होजपाइप गळत असेल तर तापलेलं कूलंट गोड वासाचं लागतं, आणि काकांच्या शब्दकोशात गोड वासाची क्लच प्लेट नाही. एकदा त्यांनी होजपाइपवरचा हिरवा ओघळ बोटाला लावून चव घेण्यासाठी बोट तोंडाकडे नेलं होतं. वॉचमनने ओरडून थांबवलं म्हणून बरं. कूलंटमधलं ग्लायकॉल चांगलंच विषारी असतं. काका उलट त्यालाच म्हणाले, “मला माहीत नाही का?”

नव्या डिझेल गाड्यांपुढेही ते जरा बावरतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला. साठलेली काजळी तो स्वतःच तापून जाळतो. तेव्हा गाडीला कढत वास येतो, आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो. यात बिघाड काही नाही, पण काकांचा सल्ला ठरलेला, “ती जाळी काढून टाक.” जाळी काढणं कायद्यात बसत नाही, हे सांगितलं तर म्हणतात, “आमच्या गाडीला कुठे होती?”

पण काकांचं खरं कसब मी पाहिलं ते एमएच ०८च्या वेळी. ब विंगमधल्या नव्या जोडप्याने रत्नागिरी पासिंगची हॅचबॅक घेतली. आठवडाभरात वास सुरू झाला, आणि तो चक्क मासळीचा होता. काकांनी प्लेट वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदाच क्लच बाजूला ठेवला.

“कोकणातली आहे. मालक डिकीतून सुरमई आणत असणार. पाणी सांडलंय मॅटखाली.”

पुढचा रविवार त्यात गेला. मॅट उन्हात टाकले, डिकीत बेकिंग सोडा पसरला, एका ताईंनी कापराची पुडी दिली. एका शाकाहारी कुटुंबाने आपलं पार्किंग बदलून मागितलं. काका कपाळाला हात लावून सगळ्यांवर देखरेख करत होते आणि सुरमई आहे की बांगडा, यावर एका मालवणी गृहस्थाशी त्यांची चांगलीच जुंपली. मालवणी गृहस्थ पुन्हा पुन्हा वास घेऊन सांगत होते, “ह्यो म्हावऱ्याचो वास नाय.” घरात रोज मासे असणाऱ्या माणसाचं मत काकांनी पूर्वग्रहदूषित ठरवलं.

जोडप्यातली बायको मात्र सुरुवातीपासून एकच सांगत होती, “दिवसा नाही येत हो. रात्री येतो.”

“बरोबर,” काका म्हणाले. “रात्री हवा थंड होते, वास खाली बसतो.”

शेवटी कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्या पोराकडे गाडी गेली. वय विशीचं, कानात इअरफोन. त्याने नाक अजिबात वापरलं नाही. “कधी येतो?” विचारलं, “रात्री” ऐकलं, आणि सरळ हेडलाइटचं बटण दाबून डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. आधीच्या मालकाने घाटातल्या धुक्यासाठी पुढे दोन पिवळे दिवे लावून घेतले होते, प्रत्येकी ५५ वॅटचे. १२ व्होल्टवर दोन्हींचे मिळून साधारण नऊ अँपियर होतात, आणि त्यांची वायर दुसऱ्याच लाइनमधून ओढलेली. त्या लाइनचा १० अँपियरचा फ्यूज सारखा उडत असणार, म्हणून कोणा हुशाराने तिथे ३० चा घातला. आता फ्यूज उडत नव्हता. त्याच्याऐवजी वायर तापत होती. तापलेल्या कनेक्टरच्या प्लॅस्टिकला कधी कधी हुबेहूब मासळीसारखा वास येतो. पोराने काळा पडलेला कनेक्टर तळहातावर ठेवला. एका बाजूने तो वितळून चपटा झाला होता, आणि त्यातून बाहेर आलेल्या वायरीचं लाल आवरण तपकिरी होऊन फुगलं होतं.

काकांनी कनेक्टर हातात घेतला, नाकाशी नेला. सगळे वाट पाहत राहिले.

“बांगडाच,” ते म्हणाले.

काकांना सोसायटीतून काढायची मागणी मी करणार नाही. पार्किंगमध्ये जळका वास आला तर सगळ्यांत आधी ओरडणारा माणूस असलेला बरा, त्यांचं एवढंच ऐकावं आणि पुढचं ऐकू नये. सेकंडहँड गाडी घेतली असेल, तर आज फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडा. कुठे किती अँपियर, याचा तक्ता बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पात्यांच्या फ्यूजमध्ये १० चा लाल असतो, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. लालच्या जागी हिरवा दिसला तर गाडी वायरिंगवाल्याकडे न्या. चालू गाडीत वायर जळल्याचा वास आला, तर बाजूला घ्या, बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. क्लचचं काका बघतील.